मधल्या सुट्टीचा खाऊ: जळगाव-धुळ्याच्या बाजारातून काय घ्यावं, काय ठेवून द्यावं

पहिली ते चौथीच्या पोरांना छोट्या सुट्टीत जेमतेम दहा-पंधरा मिनिटं मिळतात. त्यात हात धुणं, नळावरची रांग, डब्याच्या झाकणाशी झटापट आणि शेजारच्याच्या डब्यात डोकावणं हे सगळं येतं. खायला उरतात पाच-सहा मिनिटं, आणि खाऊची खरी परीक्षा तिथेच होते. कागदावर कितीही पौष्टिक असलेला जिन्नस सकाळी सातला भरल्यावर साडेनऊला नरम पडत असेल, हात चिकट करत असेल किंवा हलणाऱ्या दातांनी तुटत नसेल, तर तो तसाच घरी परत येतो. त्याची जागा मग फाटकाबाहेरची दहा रुपयांची पुडी घेते.

म्हणून इथे खान्देशात सहज मिळणारे जिन्नस पोषणाबरोबरच टिकाऊपणा, लहान हातांची सोय आणि किंमत यांवरही पारखले आहेत. कंपन्यांची नावं घेतलेली नाहीत, कारण त्याच कंपनीची एक पुडी बरी आणि दुसरी टाकाऊ निघते. फरक घटकांच्या यादीत कळतो.

आधी प्रमाण. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (आयसीएमआर-एनआयएन) २०२० च्या शिफारशींत चार ते सहा वर्षांच्या मुलासाठी दिवसाला सुमारे १३६० किलोकॅलरी आणि १६ ग्रॅम प्रथिनं धरली आहेत; सात ते नऊ वर्षांसाठी १७०० किलोकॅलरी आणि २३ ग्रॅम. शाळेत खिचडी मिळत असेल, तर प्राथमिकच्या मुलाला त्या एका जेवणातच ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलेलं आहे. तेव्हा छोट्या सुट्टीला दीडशे किलोकॅलरीच्या आसपासचा खाऊ पुरे. डबा गच्च भरला की पोरगं खिचडीला तोंड लावत नाही, आणि घरी मात्र 'याला भूकच लागत नाही' अशी तक्रार सुरू होते.

केळं

रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात राहून डब्यात केळं नसेल तर कारण एकच: ते काळं पडतं, चेंगरतं आणि दप्तराला लागतं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याने दप्तरातला प्रश्न सुटत नाही. तो निवडीने सुटतो.

बाजारात बहुतेक माल ग्रँड नैन जातीचा. त्याचं भरलेलं एक केळं साल काढून शंभर-सव्वाशे ग्रॅम भरतं, म्हणजे साधारण शंभर किलोकॅलरी. पहिलीतल्या पोराला ते एका दमात संपत नाही. अर्धं खाऊन उरलेलं बाकाखाली जातं. घडाच्या टोकाकडच्या फण्यांतली केळी लहान असतात. मोठी, एकसारखी फळं बाहेरगावी जातात आणि ही बारकी फणी गाडीवर स्वस्तात मिळते. शाळेसाठी नेमकी तीच मागा.

पिकण्याची पायरीही महत्त्वाची. साल पूर्ण पिवळी आणि टोकं किंचित हिरवट असलेलं केळं सकाळी भरलं, तर सुट्टीपर्यंत ते गोड आणि घट्ट असतं. सालीवर तपकिरी ठिपके आलेलं केळं घरी दुधात किंवा शिऱ्यात घाला. उन्हाळ्यात ते दप्तरात तासा-दोन तासांत लगदा होतं. फ्रिजमध्ये ठेवू नका. साधारण १३ अंशांच्या खाली केळ्याच्या सालीला इजा होते आणि ती काळवंडते. पौष-माघाच्या थंडीत गाडीवर मळकट करडी केळी दिसतात ती याचमुळे. आतला गर बहुतेक वेळा चांगला असतो, पण मुलं रंग पाहूनच नाक मुरडतात.

कापून कधीच देऊ नका. कापलेल्या भागाला हवा लागली की एन्झाइममुळे काप काळे पडतात. लिंबू चोळलं तर ही क्रिया मंदावते, पण दोन तासांनी काप बुळबुळीत होतातच. अख्खं केळं साल न काढता, देठाकडून अर्धा सेंटिमीटर चीर देऊन ठेवा. सहा वर्षांच्या बोटांना ताजं देठ मोडत नाही, आणि साल सोलता आली नाही म्हणून परत आलेलं केळं हे फार सामान्य दृश्य आहे.

पिकवण्याबद्दल: कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे. इथिलीन वायूला १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) परवानगी आहे आणि रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोलीत, तोच वापरतात. देठ हिरवं आणि साल पिवळी दिसली की कार्बाइड, असा समज आहे. तो खरा नाही, चेंबरमधलं केळंही तसं दिसू शकतं. नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही. ओळखीच्या विक्रेत्याला माल कोणत्या चेंबरमधून येतो ते विचारा, उत्तर द्यायला तो किती अडखळतो ते पाहा.

एकूण, खान्देशातल्या डब्यासाठी पहिला नंबर केळ्याचाच. उणीव एवढीच की प्रथिनं जवळपास नाहीत, एका केळ्यात फार तर सव्वा ग्रॅम. सोबत मूठभर फुटाणे हवेत.

केळी वेफर्स

केळ्याचे म्हणून पौष्टिक, हा युक्तिवाद जळगावात तरी कोणी करू नये. वेफर्स कच्च्या केळ्याचे आणि तळलेले. १०० ग्रॅममध्ये ५०० किलोकॅलरीच्या वर आणि सुमारे तीस ग्रॅम चरबी. पुडी फोडली की तीस ग्रॅम सहज संपतात, म्हणजे डब्याची मर्यादा तिथेच गाठली, आणि पोटात गेलं ते मुख्यतः तेल आणि मीठ.

तरी वेफर्स-वेफर्सांत फरक आहे. जाड काप पातळ कापापेक्षा कमी तेल पितो, कारण वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग कमी. बंद पाकिटावर तेल कोणतं ते वाचा. नुसतं 'खाद्यतेल' पाहून समाधान मानू नका, पुढे पामोलीन, म्हणजे पामतेल, लिहिलेलं असतंच. सुटे घेत असाल तर वेफर्सआधी कढई पाहा. तेल काळपट, फेसाळ आणि धुरकट असेल तर पुढच्या दुकानात जा. तळणीच्या तेलातले टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरता येत नाही, असा नियम जुलै २०१८ पासून आहे; पण ते मोजायचं यंत्र दुकानात दिसत नाही, तेव्हा नाक आणि डोळेच वापरायचे. पिशवी उघडल्यावर जुन्या रंगासारखा वास आला किंवा घशात खवखव झाली, तर तेल खवट झालं आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुकानासमोर उन्हात टांगलेल्या पुड्यांचं हेच होतं.

मुलांना द्यायचेच तर साधे मिठाचे, पंधरा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आणि फुटाण्यांत मिसळून. मसाला, पेरीपेरी, टोमॅटो या चवींत मीठ आणखी चढतं आणि साधी चव नंतर पोरांना फिकी लागते.

सुकेळी, म्हणजे वाळवलेलं पिकं केळं, याबद्दल थोडक्यात: चव उत्तम, पण पाणी उडाल्याने साखर एकवटलेली आणि दातांना चिकटणारी. एक लहान तुकडा, वर घोटभर पाणी.

फुटाणे, लाह्या, मुरमुरे

खरा माल इथे आहे. जळगाव हे डाळ मिलांचं गाव, आणि दाणा बाजारात काय किंवा धुळ्याच्या पाचकंदील भागात काय, भाजलेल्या हरभऱ्याचे तीन-चार प्रकार सहज मिळतात. २० ग्रॅम फुटाण्यांत साधारण चार ग्रॅम प्रथिनं आणि पाऊणशे किलोकॅलरी. मुलांच्या खाऊत एवढ्या कमी पैशांत एवढी प्रथिनं फार थोड्या जिन्नसांत मिळतात. दहा रुपयांच्या कुरकुरीत पुडीवर निव्वळ वजन २२ ग्रॅम असेल, तर तो माल किलोला साडेचारशेच्या वर पडतो. हा आकडा एकदा त्याच दुकानातल्या फुटाण्यांच्या भावाशेजारी ठेवून पाहा.

सालासकट फुटाणे घ्या, साल हा तंतूचा भाग आहे. फक्त पहिली-दुसरीतल्या मुलांच्या घशात साल अडकते म्हणून कुरकुर होत असेल, तर पहिला महिना बिनसालाचे द्या आणि मग हळूहळू मिसळत जा. भट्टीवरचे फुटाणे गरम वाळूत फुटतात. बारीक रेव राहते. घरी आल्यावर पिठाच्या चाळणीतून एकदा चाळणं आवश्यक, नाहीतर एका खड्याने पोराचा फुटाण्यांवरचा विश्वास उडतो. खारे फुटाणे नकोत, मीठ घरी टाका. पिवळेधमक फुटाणे घेऊ नका: मूठभर दाणे पाण्यात टाकल्याबरोबर पाणी पिवळं झालं, तर तो लॉट परत करा. मेटॅनिल यलोसारख्या रंगांना खाद्यपदार्थांत परवानगी नाही.

ज्वारीच्या लाह्या हलक्या, पण फुटाण्यांसोबत जोडी छान जमते. मुरमुऱ्यांत मुख्यतः पिष्ट. डबा भरतो, पोट नाही. त्यांचं काम चव पोचवण्याचं.

कोरडी भेळ डब्यासाठी अशी जमते: मुरमुरे १५ ग्रॅम, फुटाणे १५, भाजलेले दाणे १०, चिमूट मीठ, चिमूट आमचूर. हे सगळं मिळून दीडशे-पावणेदोनशे किलोकॅलरी आणि सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. काकडी, टोमॅटो, कांदा यातलं काहीही आधी मिसळलं तर साडेनऊपर्यंत मुरमुरे सांदळलेच म्हणून समजा. काकडीचे जाडसर तुकडे दुसऱ्या कप्प्यात द्या, बिया काढून आणि फडक्याने टिपून. लिंबाची फोड देऊ नका, पहिलीतलं पोर ती डोळ्यातच पिळतं. आंबटपणासाठी आमचूर बरं. सातपुड्यातल्या धडगावकडचं मिळालं तर उत्तम. शक्य तेव्हा सोबत पेरूची फोड ठेवा, कारण क जीवनसत्त्वामुळे हरभऱ्यातलं लोह अंगी लागतं. सकाळी डब्याआधी कपभर चहा पाजण्याची पद्धत मात्र याच्या बरोबर उलटं काम करते.

दाणे आणि गूळ: चिक्की की लाडू

गुळात लोह असतं म्हणून चिक्की कितीही चालते, हे ऐकून ऐकून कान किटले. गुळातलं लोह थोडं, साखर भरपूर. निम्मा गूळ धरला तर २५ ग्रॅमच्या वडीत बारा ग्रॅमच्या आसपास गोड झालं. १७०० किलोकॅलरीच्या आहारात वरून घातलेल्या साखरेची कमाल मर्यादा दहा टक्के, म्हणजे ४२ ग्रॅम. पाच टक्क्यांत राहिलेलं चांगलं, म्हणजे २१ ग्रॅम. एका वडीने त्यातला अर्ध्याहून जास्त वाटा खाल्ला.

विकतची चिक्की घेताना घटकांची यादी पाहा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. दाणे पहिले असतील तर घ्या. गूळ किंवा साखर पहिली, आणि पुढे लिक्विड ग्लुकोजही असेल, तर ती गोळीच आहे, दाणे घातलेली. दुसरी अडचण दातांची: सहा ते आठ वर्षांत पुढचे दात पडत असतात, कडक चिक्की चावता येत नाही आणि मुलं ती चोखत बसतात. साखर दातांवर जास्त वेळ राहते. पावसाळ्यात गूळ हवेतली ओल ओढतो आणि चिक्की कागदाला चिकटते.

त्यामुळे लाडू सरस. भाजून साल काढलेले दाणे २०० ग्रॅम, भाजलेले तीळ ५० ग्रॅम, किसलेला गूळ ८० ग्रॅम. दाणे-तीळ मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा, भरड होऊ द्या, मग गूळ घालून दोन-तीन झटके. तेल सुटून मिश्रण मुठीत धरलं की थांबा. वीस ग्रॅमचे सोळा लाडू होतात. एकात सुमारे ११० किलोकॅलरी, पावणेचार ग्रॅम प्रथिनं आणि फक्त पाच ग्रॅम गूळ. बिघडतं ते असं: दाणे कच्चे भाजले तर तेल सुटत नाही आणि लाडू फुटतो, जास्त भाजले तर कडसर लागतो, मिक्सर सलग फिरवला तर भांडं तापून लगदा होतो. लाडू वळेना म्हणून तूप किंवा गूळ वाढवू नका. आणखी एक झटका द्या. सुरकुतलेले, काळसर किंवा कडवट दाणे आधीच वेचून टाका. बुरशी लागलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि ते भाजून पूर्ण जात नाही. वर्गात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे बाईंना विचारून घ्या, कारण डबे वाटून खाल्ले जाणारच. घरात चार वर्षांच्या आतलं भावंडं असेल तर अख्खे दाणे आणि फुटाणे त्याच्या हाती लागू देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात.

बिबडे आणि नागलीचे पापड

कुरकुरीतपणात वेफर्सला टक्कर देईल असा एकच घरचा पदार्थ आहे, तो म्हणजे भाजलेला बिबडा. ज्वारीचा, तीळ-लसूण घातलेला, उन्हात वाळवलेला. तळला की फायदा संपला. तव्यावर फडक्याने दाबत भाजा. थेट गॅसच्या ज्योतीवर कडा जळतात आणि मधला भाग कच्चा राहतो. भाजल्यावर पाच मिनिटं मोकळा ठेवून पूर्ण गार होऊ द्या. गरम बिबडा डब्यात बंद केला तर वाफेने वातड होतो आणि दोष ज्वारीला लागतो.

बाजारच्या बिबड्यांत तिखट आणि मीठ मोठ्यांच्या जिभेचं. बचत गटाकडे आधी सांगितलं तर चैत्र-वैशाखात मुलांसाठी वेगळा घाणा मिळू शकतो: मिरची जवळपास नाही, मीठ निम्मं, तीळ दुप्पट. नागलीच्या पापडात कॅल्शियमची बाजू जमेची, पण पापडखारातून सोडियम येतं. एक पापड पुरे.

'मल्टिग्रेन' पुड्या आणि बिस्किटं

पुढच्या बाजूला नाचणीचं कणीस, मागच्या बाजूला पहिला घटक मैदा किंवा मक्याचं पीठ. ज्या धान्याचा गवगवा केला आहे त्याचं प्रमाण यादीत टक्क्यांत दिलेलं असतं. ते दहाच्या आत असेल तर ते बिस्किट मैद्याचंच. मग सोडियम पाहा: ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. पाकिटावरचे टक्के २००० किलोकॅलरीच्या मोठ्या माणसाच्या हिशेबाने काढलेले असतात, सात वर्षांच्या मुलासाठी ते वाढवूनच वाचा. 'बेक केलेलं', 'नो मैदा', 'पोषणयुक्त' यांवर थांबू नका. २०२४ मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना मुलांची पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितली, कारण अन्नसुरक्षा कायद्यात तशी व्याख्याच नाही. अशा पुड्या-बिस्किटांतलं जवळजवळ सगळं दुकानातच राहू द्यावं. प्रवासात अडलं तर ठीक.

फाटकाबाहेरच्या विक्रीबद्दल नियम स्पष्ट आहे: एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ मुलांना विकता येत नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हे लेखी मांडता येतं. फक्त बोरं, आवळे घेऊन बसणाऱ्या आजीला त्याच यादीत टाकू नका. धुतलेली बोरं हा चांगला खाऊ आहे, वरचं मीठ-तिखट कमी करायला सांगितलं की झालं.

डबा

दोन कप्प्यांचा स्टीलचा, अडीचशे ते तीनशे मिलिलिटरचा, बाजूला क्लिप असलेला. घेण्याआधी दुकानातच पोराला स्वतः तीन वेळा उघडून लावायला लावा. फिरकीचं झाकण गरम पदार्थाच्या वाफेने घट्ट बसतं आणि शाळेत बाईंकडे रांग लागते. रबराची कडी आठवड्यातून एकदा बाहेर काढून घासा, खाचेत काळी बुरशी धरते. फुटाणे-लाडू वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई अन्नाला लागते. सुती फडकं पुरतं.

खाऊ निवडताना 'काय देऊ?' असं मोकळं विचारू नका, 'लाडू की भेळ?' असं विचारा. नवा जिन्नस पहिल्या दिवशी परत येणारच. आठ-दहा वेळा थोडाथोडा पुढे आला की बहुतेक मुलं तो तोंडात घालतात. परत आलेला डबा रागावून रिकामा करायला लावू नका, आणि 'फुटाणे संपवलेस तर कुरकुरे' असा सौदा तर मुळीच नको. वर्गाने एखादा वार ठरवून सगळ्यांनी फुटाणे किंवा भेळ आणली, तर 'माझ्याच डब्यात हे' ही लाज राहत नाही. दुसरी-तिसरीत या लाजेचा जोर पोषणाच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा जास्त असतो.

एका मुलासाठी महिन्याची खरेदी: फुटाणे अर्धा किलो, दाणे अर्धा किलो, तीळ पाव किलो, गूळ पाव किलो, मुरमुरे पाव किलो, आणि केळी दर तीन दिवसांनी, बारक्या फणीतली. जून ते सप्टेंबर फुटाणे-मुरमुरे महिन्याचे न घेता पंधरा दिवसांचेच घ्या, आणि सांदळले तर कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतून, पूर्ण गार करूनच बरणीत भरा.